केळीचा धागा घालूनही पीएलएची पट्टी ठिसूळ का होते?

रावेरकडच्या केळीच्या खोडाचा धागा तुम्ही पीएलएमध्ये (मका-उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या प्लास्टिकमध्ये) 20 टक्के मिसळलात आणि पट्टी मजबूत व्हायची ती उलट कडकन मोडली, असं लिहिलंय. माझ्याही पहिल्या पट्ट्या अशाच मोडल्या होत्या. दोष पाण्याचा होता.

हाताला कोरडा लागणारा धागाही हवेतून आठ-दहा टक्के ओल धरून असतो. हिशोब करा: किलोभर मिश्रणात 200 ग्रॅम धागा, म्हणजे जवळपास 20 ग्रॅम पाणी! आणि वितळणाऱ्या पीएलएला किलोमागे पाव ग्रॅम पाणीही सोसत नाही. त्या उष्णतेत पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून पट्टी ठिसूळ होते. धागा 80 अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवा, पीएलएचे दाणेही चार तास सुकवा आणि बाहेर काढल्याबरोबर मिसळा. पावसाळ्यात तर तासाभरातच धागा पुन्हा ओल धरायला लागतो.

मग मोडलेली कड भिंगाखाली बघा. धागे सुळकन उपसून येऊन मागे भोकं राहिली असतील, तर पकडच बसलेली नाही. धाग्यावर पेक्टिन, मेण, गर चिकटलेला असतो. 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दोनेक तास बुडवून सामू (पीएच) 7 येईपर्यंत धुतला, की तो खरबरीत होतो आणि पीएलए त्याला धरून बसतं. (हातमोजे घालाच, सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही.) द्रावण फार तीव्र केलंत तर धागाच कमजोर होईल. वितळवताना 190 अंशांच्या वर जाऊ नका, करपट वास आला की धागा गेला.

एवढ्याने ताठरपणा वाढतो. आघात सोसायची ताकद वाढेलच असं नाही; त्यासाठी थोडा काथ्या मिसळून पाहा, तो तुटण्याआधी बराच ताणला जातो.

नाद सोडू नका. टोयोटाने 2003 मध्ये राउम गाडीच्या स्टेपनीचं झाकण पीएलए आणि केनाफच्या धाग्याचं केलं होतं. केनाफ म्हणजे आपली वाखाची अंबाडी!

फक्त शेतकऱ्यांना दाखवताना ‘मातीत पुरलं की कुजतं’ असं सांगू नका. पीएलए कुजायला 58 अंशांच्या आसपास तापलेलं कंपोस्ट लागतं, बांधावर ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. रोपांच्या कुंड्याच करायच्या असतील तर पीएचबी घ्या, हे जिवाणूंपासून मिळणारं प्लास्टिक मातीतले जिवाणू खातात. महाग आहे खरं, पण धागा जितका जास्त घालाल तितकं ते कमी लागेल.