शेजाऱ्याच्या कोठ्यात लम्पी (जनावरांच्या अंगावर गाठी उठणारा रोग) आला आहे. कडुलिंबाचा धूर केला तर माझ्या चार गाई आणि बैलजोडी वाचेल का?

धूर कराच, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. संध्याकाळी थोडा वेळ डास-चिलटं दूर राहतात, एवढाच त्याचा उपयोग. लम्पी मुख्यतः चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड पसरवतात, आणि चावरी माशी तर दिवसाढवळ्या येते. जनावर सारखं पाय आपटत असेल तर खुरांच्या वर नीट पाहा, तिथं ती बसलेली दिसेल. गव्हाणीखाली सांडलेलं कुटार (भुसा) मुतानं-शेणानं ओलं होऊन कुजतं, त्यात तिची पैदास होते. ते रोज खरडून काढा. उकिरडा कोठ्याला लागून असेल, तर तो आधी लांब हलवा.

गोचिडाचं जरा वेगळं आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथं हजारोंनी अंडी घालते. नुसतं जनावराला औषध लावून भागत नाही ते यामुळे. कोठ्याच्या भिंती मातीच्या असतील तर भेगा लिंपून घ्या. औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. कपाशीवर फवारायचं औषध पातळ करून जनावराच्या अंगाला चोळणारे लोक आमच्या अकोल्याकडे मी पाहिलेत. जनावर अंग चाटतं, पुढचं सांगायला नको.

लस अजून टोचली नसेल तर आजच दवाखान्यात कळवा. आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस लम्पीसाठी वापरतात. रोग निघालेल्या गावाभोवती ५ किलोमीटरच्या पट्ट्यात निरोगी जनावरांना ती टोचतात. पण अंगात ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढ्यात गाठी आल्या की लोक लसीला शिव्या देतात. खरं तर रोग आधीच अंगात मुरलेला असू शकतो, कारण तो बाहेर पडायला कधी कधी २८ दिवससुद्धा घेतो. टोचणाऱ्याला एक मात्र स्पष्ट सांगा, दर जनावराला नवी सुई. तो कुरकुरला तरी ऐकू नका.

आता माझ्या मते सगळ्यात मोठं दार म्हणजे आखर. सकाळी गावभरची ढोरं तिथं जमतात, गायकी (गुराखी) सगळी एकत्र ई-क्लासवर (सरकारी चराईच्या जमिनीवर) नेतो आणि एकाच डबक्यावर पाणी पाजतो. महिनाभर तरी तुमची जनावरं त्या कळपात सोडू नका. वैरण विकत घ्यावी लागेल, परवडत नाही हे मान्य. पण आजारी गाईचं दूध आटतं, गाभण असेल तर गाभडते, तेही धरून हिशेब करा. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनं बैलबाजार आणि जनावरांची वाहतूक बंद केली होती ती याच कारणानं.

तरीही तुमच्या एखाद्या जनावराला ताप येऊन गाठी उठल्याच, तर त्याला लगेच वेगळं बांधा. त्याचं चारा-पाणी, धार सगळं शेवटी करा, मग साबणानं हात धुवा. वाळलेल्या खपल्यांत विषाणू बरेच दिवस टिकतो, म्हणून झाडलोट जाळून टाका. माणसाला लम्पी होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही. जनावर दगावलं तर नाल्यात ओढून टाकू नका. खोल खड्डा, वरून चुना. आणि लपवालपवी नको: जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्यानं असा रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे. जनावरांच्या डॉक्टरी मदतीचा १९६२ हा नंबर फुकट लागतो.

हे सगळं लम्पीपुरतं. खुरकूत लाळेतून, कपड्यांवरून, वाऱ्यावरूनही जातो. तिथं माश्या मारून काही होत नाही, वेळेवर लस आणि धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के पाणी कामाला येतं. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यायची असते, ती राहिली असेल तर डॉक्टर आल्यावर त्यांना विचारा.

डवरणीचे (बैलांनी पिकात कोळपणी करायचे) दिवस आहेत, कुणीतरी जोडी मागायला येईलच. सोयरा असला तरी यंदा नाही म्हणा, आणि त्याचा बैलही तुमच्या जुवाला लावू नका.