मुलाला पहिली गाडी म्हणून दीड लाखात जुनी कार घ्यायचीय. ऑल्टो की सँट्रो? बेळगावातच बघू की कोल्हापूर-सांगलीकडची आणू?

ऑल्टो की सँट्रो ते बघू शेवटी. मी अडकलो तुमच्या चौथ्या ओळीत. "आमचे साडू तिकडंच असतात, ते म्हणतात २०-३० हजारानं स्वस्त मिळते, मी बघून ठेवतो." साडूंना सांगा जेवायला येतो, गाडी बघायला नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, टर्नर आहे, लेथवर २८ वर्षं झाली. माइल्ड स्टील, बीड म्हणजे ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, हाताला लागलं की काय आहे ते सांगतो, गंज किती खोल गेलाय ते नखानं खरवडून सांगतो. हे मुद्दाम लिहितोय, मोठेपणासाठी नाही, पुढं मी किती मोठा गाढव ठरलो ते नीट कळावं म्हणून.

२०२१ ची दिवाळी. पोरगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, १९ पूर्ण, लायसन्स काढून झालेलं. आम्ही देसूरला, कॉलेज उद्यमबागेकडं. अंतर काही फार नाही पण प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी निघालं की बस म्हणजे दाराला लोंबकळणं, आणि पावसाळ्यात खानापूर रोडला स्कूटीवरून येणं म्हणजे ट्रकच्या चाकाचा चिखल तोंडावर. म्हटलं एक जुनी छोटी गाडी घेऊ. बायकोनं माहेरी फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीहून मेहुण्याचा फोन. बायकोचा थोरला भाऊ. "दाजी, डोळे झाकून घ्या, घरातलीच गाडी हाय समजा. एकहाती. मालक आमच्या वळखीचा."

आता बघा, त्याच जुलैत पूर येऊन गेलेला. २०१९ ला कृष्णेनं सांगली बुडवली ती बुडवलीच, २०२१ ला परत. सांगलीत दुकानांच्या पाट्यांना पाणी लागलेलं, हायवे बंद, निपाणीच्या पुढं गाड्यांची रांग, हे सगळं आम्ही घरात बसून टीव्हीवर बघितलेलं. तीन महिनेच झालेले. तरी माझ्या डोक्यात आलं नाही की सांगलीत दिवाळीला स्वस्त गाडी का निघते. एक तर स्वस्त, त्यात एमएच-१० नंबर. खोटं कशाला बोलू, सीमाभागातला माणूस, दारात एमएचची गाडी उभी राहणार म्हणून आतून बरं वाटलेलं. गल्लीतली पोरं पण खूश. त्या बरं वाटण्याचे किती पैसे गेले ते पुढं येतंच.

गेलो. पोचलो तर ताट वाढलेलं. मटण, भाकरी, वर श्रीखंड. जेवून हात पुसतोय तोवर गाडी दारात. पांढरी, पाच दरवाजाची. मॉडेल लिहीत नाही, गाडी बनवणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. धुतलेली, पुसलेली, आत मोगऱ्याच्या सेंटच्या दोन बाटल्या. एक पण नाही, दोन. तिथंच कळायला पाहिजे होतं.

मी शॉपमधून डायल स्टँडचं मॅग्नेट खिशात घालून नेलेलं. रुमालात गुंडाळून दरवाजांना, मडगार्डला, छपराला लावत फिरलो. सगळीकडं चिकटलं. पुट्टी असती तर घसरलं असतं. म्हणजे बॉडी ओरिजिनल, ठोकलेली नाही. मी खूश. एवढ्यात वहिनी दारातून हसत म्हणाल्या, "दाजींचा आमच्यावर इस्वास न्हाई वाटतं." सगळे हसले. मी मॅग्नेट खिशात टाकलं.

ती गाडी माझ्या हातनं गेली ती तिथंच. परका माणूस असता तर मी खाली पोतं टाकून गाडीखाली गेलो असतो, मॅट उचलले असते, सीट पुढं सरकवून रेल बघितली असती, मेस्त्रीला बरोबर नेलं असतं. पाव्हण्याच्या दारात, पोटात त्यांचंच मटण, अंगात दिवाळीचा नवा शर्ट, कसा आडवा होणार? १ लाख ४० म्हणत होते, १ लाख २५ ला झाली. विश्रामबागेतनं एक चक्कर मारली आणि संध्याकाळी हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला. वाटेत गाडीनं काही त्रास दिला नाही, उगाच बोलणार नाही.

मार्चपर्यंत ठीक. मेमध्ये वळवाचे दोन पाऊस झाले आणि गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास सुटला. मोगरा संपलेला. मग ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. मग एका रात्री अडीच वाजता हॉर्न आपोआप सुरू झाला, अख्खी गल्ली उठली, गावातली सगळी कुत्री मिळून आमच्या दारात. बॅटरीची वायर काढून झोपलो. आणि जुलैत पोरीच्या व्हायव्हाच्या दिवशी सकाळी पिरनवाडीला गाडी बंद. नुसती बंद नाही, मेली. लाइट नाही, स्टार्टर नाही, इंडिकेटर नाही. पोरगी रडत नव्हती पण आवाज तसाच. शॉपमधल्या एकाच्या बाइकवरून तिला कॉलेजात सोडलं आणि वडगावचा एक वायरिंगवाला बोलावला. पोरगा पंचविशीचा असेल.

त्यानं बोनेट उघडलंच नाही. पुढचा दरवाजा उघडला आणि सीटबेल्ट ओढला. ओढत गेला, ओढत गेला, शेवटच्या टोकापर्यंत, जिथपर्यंत कुणी कधी ओढत नाही. शेवटचा वीतभर पट्टा राखाडी होता. आणि काळा पट्टा जिथं राखाडी होतो तिथं आडवी रेघ, पट्टीनं मारल्यासारखी. म्हणाला, "काका, ही गाडी पोहून आलीय."

मग मॅट उचलले, खालचा फोम कापला. पत्र्याच्या खळग्यात गाळ बसलेला, वाळून पापडीसारखा. मी चिमटीत घेतला. आमच्याकडं खानापूर रोडला माती तांबडी, चाकाला, चपलेला, धोतराला सगळीकडं तीच. हा काळसर, मैद्यासारखा बारीक. कृष्णाकाठचा. दुसरं काही सांगायलाच नको होतं. सीटच्या रेलचे बोल्ट गंजून फुललेले, डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कपलर हिरवे पडलेले. आणि मी २८ वर्षं लोखंडातला माणूस आठ-नऊ महिने त्या सीटवर बसत होतो.

हार्नेस म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा, वायपर मोटर, बाकी किडुकमिडुक, खर्च ३८ हजार. वर कागद. तिकडच्या मालकाचं कर्ज फिटलेलं पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नाही, त्याच्याशिवाय एनओसी निघेना, आणि एनओसीशिवाय इकडचा नंबर नाही. एजंट रोज "सार, नाळे बर्री". उद्या या. दहा-बारा 'उद्या' झाले. शेवटी कागद आले तर इकडचा लाइफटाइम टॅक्स वेगळा. म्हणजे जे १५-२० हजार स्वस्त म्हणून तिकडनं आणली ते सगळे तिथंच गेले. २०२३ ला पुराची गाडी आहे असं तोंडावर सांगून ४५ हजाराला दिली. घेणारा म्हणाला चालतंय, शेतावर लागते.

मेहुणा आजपण म्हणतो, गाडी चांगलीच होती, दाजींना सांभाळता आली नाही. म्हणतो पूर आला तेव्हा गाडी मिरजेला उंचावर होती. मग गाळ काय कुरिअरनं आला? त्यानं मध्ये काही खाल्लं असं मी म्हणत नाही, बायको वाचते हे. पण त्यानं सीटबेल्ट ओढला नाही आणि मलापण ओढू दिला नाही, हे मी त्याच्या तोंडावर बोललोय आणि इथंपण लिहितो. नात्यातनं आलेली गाडी तपासता येत नाही आणि बिघडली तर भांडतापण येत नाही. अनोळखी माणसाकडनं घ्या, मेस्त्रीला ५०० रुपये द्या, पोटभर शंका घ्या.

आता तुमचं. इथलीच केए-२२ बघा, फार तर चिकोडीकडची केए-२३. मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या, ३० दिवसात नाव आपल्यावर, विषय संपला. एमएचची आणली तर १२ महिन्यांच्या वर इकडं ठेवायची असेल तर नंबर बदलावाच लागतो. तिकडचा उरलेला टॅक्स परत मागायची सोय आहे म्हणतील, आहे, मागून बघा. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की बोजा, इन्शुरन्स, फिटनेस दिसतं, चलनपण तिथंच बघा, आणि हे सगळं इसार द्यायच्या आधी.

दीड लाखात तुम्हाला २०११-१३ च्या आसपासची मिळेल. नोंदणीची तारीख बघा, वर्ष नाही, तारीख. १५ वर्षं झाली की फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू करायचं, आणि ६०० रुपयांची ती फी २०२२ पासून ५ हजार झालीय. वर्षभरात १५ वर्षं भरणार असतील तर तेवढे भावातनं पाडा.

बघायला जाताना सकाळी जा आणि मी येईपर्यंत चालू करू नका म्हणून आधी सांगा. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, मलईसारखं पांढरट असेल तर पाणी मिसळतंय. टायरवर चार आकडे असतात, आधी आठवडा मग साल, ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. गाडी २५ हजार फिरलीय म्हणतो आणि टायर दोनदा बदललेत, मग मीटरला कुणीतरी हात लावलाय. आणि शक्यतो पावसातच बघा. उन्हात सगळ्या गाड्या चांगल्या दिसतात, पावसात कुठनं गळते ते तीच सांगते.

सीटबेल्टचं आता परत सांगत नाही. मला तर सवयच लागलीय. गेल्या मेमध्ये सांगलीत लग्न होतं, मेहुण्यानं नवी गाडी घेतलेली, पुढं बसलो आणि पट्टा ओढला तो शेवटपर्यंतच ओढला. मेहुणा बघत होता. म्हणाला, "दाजी, ही शोरूमची हाय."

ऑल्टो की सँट्रो म्हणाल तर ऑल्टो. सँट्रोत बसायला ऐसपैस, इंजिनला दम, जांबोटीच्या चढाला ऑल्टोपेक्षा बरी, पण जुनी सँट्रो २०१४ च्या शेवटी बंद झालीय. ऑल्टोचं सामान खडेबाजारात काय, खानापुरातपण मिळतं, आणि नवशिक्या पोरानं मागनं-पुढनं घासली तरी जीव जळत नाही. मायलेजपण बरं. आमची आता २०१३ ची ऑल्टोच आहे, शहापुरातल्या एका निवृत्त मास्तरांकडनं घेतलेली. मास्तरांनी सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार लावून ठेवलेल्या, मी गाडीखाली गेलो तेव्हा स्वतः टॉर्च धरली.

आता उलटी बाजूपण सांगतो. यातल्या कुठल्याच जुन्या स्वस्त मॉडेलात बहुतेक एअरबॅग नसणार. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, आणि २०१४ ला ग्लोबल एनकॅप नावाच्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं ठोकून बघितली तेव्हा बिनएअरबॅगच्या ऑल्टोला शून्य तारे मिळालेले. तेव्हा हायवेला निपाणी-कोल्हापूर पोराला एकट्याला पाठवू नका, गावात आणि कॉलेजपुरती ठीक. बजेट ४०-५० हजारानं वाढत असेल तर एअरबॅग-एबीएसवालं (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत) वरचं मॉडेल जुन्यातच शोधा, रंग आणि म्युझिक सिस्टीम गेली खड्ड्यात.

आणि सगळेच पाव्हणे वाईट असं नाही. माझी आई आजारी पडली तेव्हा हाच मेहुणा रात्री दीडला पावसातनं सांगलीहून निघून पहाटे दवाखान्यात हजर होता. माणूस सोन्यासारखा आहे, गाडीतलं कळत नाही एवढंच.

राहता राहिलं, मुलगा ऑक्टोबरमध्ये १८ चा होतोय म्हणताय आणि गाडी पुढच्या महिन्यात आणायची म्हणताय. कशाला? दारात गाडी आणि किल्ली खुंटीला, पोरगं काय देव आहे का? अल्पवयीन पोरगं सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आता पावसात नुसत्या बघून ठेवा, चार-पाच नापास करा. दसऱ्याच्या आसपास आणा, खंडेनवमीला हार घाला. लायसन्सचं कार्ड येईपर्यंत किल्ली तुमच्या खिशात.