कर्नल २.६ च्या जुन्या लिनक्सवर कोणतं साउंड कार्ड चालेल?

तुमच्या पेंटियम ४ वर लिनक्सचा कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) २.६ आहे आणि मदरबोर्डवरचा आवाज गेलाय, तर मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं जुनं साउंड कार्ड शोधा. माझी पहिली पसंती साउंड ब्लास्टर लाइव्ह. त्याचा ईएमयू१०के१ ड्रायव्हर अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या आवाज हाताळणाऱ्या यंत्रणेत, आहे आणि अनेक आवाज एकत्र करायचं काम कार्ड स्वतःच करतं, त्यामुळे जुन्या प्रोसेसरवर भार येत नाही.

पण खोक्यावरच्या नावावर अजिबात जाऊ नका! ‘लाइव्ह २४-बिट’ नावाच्या कार्डात वेगळीच चिप आहे, तिला सीए०१०६ ड्रायव्हर लागतो. साउंड ब्लास्टर एक्स-फाय तर टाळाच. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २.६.३१ पासून, म्हणजे २००९ मध्ये आला. सेकंडहँड घेताना विक्रेत्याकडून कार्डाचा जवळून फोटो मागवा आणि मोठ्या चौकोनी चिपवरचा नंबर वाचून घ्या.

स्वस्तात भागवायचं असेल तर सी-मीडियाच्या सीएमआय८७३८ चिपचं कार्डही चालतं. स्लॉट रिकामा नसेल तर साधं यूएसबी कार्ड घ्या, फक्त ते ‘यूएसबी ऑडिओ क्लास १’ या जुन्या मानकाचं असावं.

कार्ड बसवल्यावर आवाज आला नाही म्हणून लगेच परत करू नका. अल्सामध्ये सुरुवातीला सगळे चॅनल बंद असतात. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) उघडा. ‘मास्टर’ आणि ‘पीसीएम’च्या पट्टीखाली ‘एमएम’ (म्हणजे बंद) दिसेल. तिथे एम दाबलं की ‘००’ (म्हणजे चालू) होतं. मग वरच्या बाणाने आवाज वाढवा. मी स्वतः यातच एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.