थर्मल कॅमेऱ्यात अख्खी भिंत लाल-निळी दिसते. उष्णता नेमकी कुठून जातेय हे कसं ओळखायचं?

कॅमेरा बिघडलेला नसावा, बहुधा ऑटो स्केल चालू आहे. चौकटीत जेमतेम दोन अंशांचा फरक असला तरी ऑटो स्केल त्यावर सगळे रंग पसरवतो आणि धडधाकट भिंतही आजारी दिसते. स्केल हाताने लॉक करा. खोली 20 अंशांवर असेल तर 12 ते 22 ठेवा आणि सगळ्या खोल्यांना तेच वापरा.

आत-बाहेर किमान 10 अंशांचा फरक हवा, तोही काही तास टिकलेला. भिंतीला टेकलेली कपाटं आधीच सरकवून ठेवा. त्यांच्यामागची भिंत उगाच थंड दिसते. पाहणी आतून सुरू करा. बाहेरून पाहायचंच तर सूर्योदयाआधी, वारा नसताना, कोरड्या भिंतीवर. ऊन खाल्लेली भिंत अंधार पडल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहते.

आता आकार बघा, कारण खरी माहिती रंगापेक्षा आकारात असते. सरळ कडांचा थंड चौकोन म्हणजे तिथे इन्सुलेशन बसवलेलं नाही किंवा खाली घसरलंय. स्लॅबच्या कडेने किंवा बीमवरून जाणारा एकसारखा पट्टा म्हणजे काँक्रीटमधून थेट वाहणारी उष्णता. फटीपासून पिसासारखे फाटे फुटले असतील तर तिथून गार हवा शिरतेय. वेडावाकडा, पुसट कडांचा डाग ओलीचा असू शकतो. तिथे मॉइश्चर मीटर लावल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

हवेच्या गळतीची खात्री करायला दारं-खिडक्या बंद करून एक फोटो घ्या, मग स्वयंपाकघर-बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे 15-20 मिनिटं चालवून त्याच जागेवरून दुसरा. जे डाग वाढले ती गळती. (घरात धुराड्याची शेगडी किंवा गॅस गीझर असेल तर आधी बंद करा, नाहीतर धूर उलटा आत येईल.) व्यावसायिक लोक यासाठी दारात ब्लोअर बसवून 50 पास्कलचा दाबफरक तयार करतात.

एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता किरणांच्या रूपात सोडतो, याचं कॅमेऱ्यातलं सेटिंग) 0.95 ठेवा, प्लास्टर, रंग, वीट यांना ती चालते. चकचकीत अॅल्युमिनियमच्या चौकटीचा आकडा मात्र साफ खोटा असतो, तिथे इलेक्ट्रिकल टेप चिकटवून पाच मिनिटांनी टेपचं तापमान घ्या. काचेतून कॅमेऱ्याला पलीकडचं दिसत नाही. काचेसमोर थोडं तिरकं उभं राहा, नाहीतर खिडकीतला गरम डाग तुमचाच असेल.