तंबाखू ओढायच्या लाकडी पाइपला चकाकी कशाने द्यावी?

पहिलाच पाइप असेल तर पॉलीयुरेथेन वॉर्निशचा डबा बाजूला ठेवा. चमक झकास येते, पण लाकूड तापलं की थर फुगतो, सोलतो. ब्रायर लाकडाचा एक पाइप मीही असाच घालवलाय. बाहेरून कार्नोबा मेण (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांचं कडक मेण) पुरे. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून नुसतं कापडाने चोळून भागत नाही. बफिंगच्या (कापडी पॉलिशच्या) फिरत्या चाकावर घर्षणाने तापलं की पातळ पसरतं. ‘बॉइल्ड’ जवस तेलात बहुधा धातूंचे ड्रायर (तेल लवकर वाळवणारी संयुगं) असतात, ते नकोच. आणि आत, जिथे तंबाखू जळते, तिथे वॉर्निश, तेल, रंग, काहीच नाही. कोरं लाकूड. (धूर अपायकारकच, तो कुठल्याही पॉलिशने सुधारत नाही.) मेण वापरात उतरतं, पुन्हा चाकावर धरायचं.