ट्रेझरीचं (अमेरिकी सरकारच्या रोख्यांचं) व्याज फेडरलमध्ये बरोबर, मग स्टेट रिटर्नमध्ये त्यावर टॅक्स का लागतोय?

तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, पैसे मनी मार्केट फंडात (असे रोखे घेणारा, अल्प मुदतीचा म्युच्युअल फंड) आहेत आणि सॉफ्टवेअरने पूर्ण डिव्हिडंड स्टेटमध्ये करपात्र धरलाय, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. अमेरिकी सरकारच्या रोख्यांवरच्या व्याजावर कोणतंही राज्य इन्कम टॅक्स लावू शकत नाही, तो फेडरल कायदाच आहे.

घोळ फॉर्ममध्ये आहे. ट्रेझरी बिल (सरकारचा अल्प मुदतीचा रोखा) थेट घेतलं असेल तर व्याज १०९९-आयएनटीच्या, म्हणजे व्याजाच्या वार्षिक फॉर्मच्या, बॉक्स ३ मध्ये येतं आणि सॉफ्टवेअर ते आपोआप वजा करतं. (हाताने भरताना तेच बॉक्स १ मध्ये पडलं की टॅक्स लागलाच, तेही तपासा.) फंडाचं मात्र सगळं १०९९-डीआयव्हीच्या, म्हणजे डिव्हिडंडच्या फॉर्मच्या, बॉक्स १ए मध्ये एकत्र येतं. त्यातलं सरकारी रोख्यांचं किती, हे त्या फॉर्मवर नसतंच, मग सॉफ्टवेअर फॉर्म इम्पोर्ट करतं तेव्हा ते येणार कुठून?

फंड कंपनी जानेवारी-फेब्रुवारीत डिव्हिडंडमधला सरकारी रोख्यांचा वाटा सांगणारा टक्केवारीचा वेगळा तक्ता देते. समजा डिव्हिडंड ४,००० डॉलर आणि टक्का ६०, तर २,४०० डॉलर वजा. ९.३ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सुमारे २२३ डॉलर वाचतात! सॉफ्टवेअरमध्ये डिव्हिडंडच्या पानावर ‘यातला काही भाग सरकारी रोख्यांचा आहे’ अशा अर्थाचा पर्याय सहसा लपलेला असतो, तो उघडून रक्कम भरा. मग शेड्यूल सीएच्या (कॅलिफोर्निया रिटर्नमधला फेरफारांचा फॉर्म) बी रकान्यात, म्हणजे वजावटीच्या रकान्यात, ती उतरली का, हे डोळ्यांनी बघा. मी पहिल्या वर्षी बघितलं नव्हतं, सुधारित रिटर्न भरावं लागलं.

एक अट: कॅलिफोर्नियात प्रत्येक तिमाहीअखेर फंडाची निदान ५० टक्के मालमत्ता अशा रोख्यांत हवी, नाहीतर काहीच वजा होत नाही.