वारली कलेसारखी पूर्वजांची विद्या आजच्या कलेशी खरंच जोडता येते का, की शेवटी नुसती नक्षीच उरते?

तुम्ही कलाशाखेत शिकताय आणि प्रोजेक्टसाठी वारली निवडलंय असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून आधी माझी फजिती सांगतो. मी इंटिरियरची कामं करतो. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलची भिंत वारलीने भरून दिली. गेरूसारखा प्लास्टिक पेंट, त्यावर पांढरी माणसं, तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याभोवती फेर धरतात) आणि मध्ये एक छान चौकट. ही चौकट मी इंटरनेटवरून उचलली होती. पुढे डहाणूकडच्या एका पाड्यावर जाणं झालं, तेव्हा तिथल्या एका मावशींना मी मोठ्या कौतुकाने तो फोटो दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘इथे लग्न कुणाचं लागलं?’’

ती चौकट म्हणजे लग्नचौक होता आणि आतली आकृती पालघटची, म्हणजे वारल्यांच्या लग्नाच्या देवीची. चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. हो, ‘लिहिणे’ हाच तिथला शब्द. तो लिहायचा मान सवाशिणींचा. कुडाची भिंत शेणा-गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी असते, तीही बाईच. म्हणजे विद्या फक्त त्या त्रिकोणी माणसांत नाही. कोणी, कधी, कशाने आणि कुठल्या गाण्यासोबत लिहायचं, हे सगळं तिच्यात येतं. मी त्यातले फक्त त्रिकोण घेतले होते.

मग जोडायचंच नाही का? तसंही नाही. डहाणूजवळच्या गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे बघा. बायकांची ही कला या पुरुषाने हातात घेतली आणि लग्न नसतानाही रोज चित्रं काढली. सत्तरच्या दशकात ही कला बाहेरच्या जगापुढे आणणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांचं प्रदर्शन झालं, १९८९ मध्ये त्यांचं काम पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात लागलं आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र सापडलं तर मोठं करून बघा. अख्ख्या कापडावर बारीक बारीक रेघांचं जाळं पसरलेलं असतं, आणि माणूस कुठेतरी कोपऱ्यात, मुंगीएवढा. परंपरेतून शिकलेला हात, पण विषय आणि धाडस त्यांचं स्वतःचं.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र २००३ चं आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग आणि म्हसे यांचं काम एकत्र मांडलं गेलं. लाँग हा इंग्रज कलावंत. मैलोन्मैल चालतो, दगडांची वर्तुळं रचतो, हाताने भिंतीवर चिखल फासतो. त्याने वारली माणसं काढली नाहीत की म्हशांनी दगड रचले नाहीत. दोघांची माती, रेघ आणि वर्तुळ शेजारी शेजारी आली, बस्स. मला जोडणं म्हणतात ते हे वाटतं. कुर्त्यावर, मगवर आणि मेट्रोच्या खांबावर जे चालतं ते छपाईचं काम. ते वाईट म्हणत नाही, माझं पोटही त्यावर भरलंय.

तुमच्या प्रोजेक्टपुरतं सांगायचं तर तारपा नाचाचा फेर शेवटी काढा. आधी तांदळाचं पीठ कालवून बांबूच्या काडीने एक हातभर सरळ रेघ ओढून बघा. माझी चार बोटांवरच तुटली. पीठ दाट झालं की अडकतं, पातळ झालं की ओघळतं. डहाणू-तलासरीकडे जाणार असाल तर उन्हाळ्यात, लग्नसराईत जा. विचारल्याशिवाय चौकाचा फोटो काढू नका. कोणाकडून शिकलात तर त्यांना शिकवणीचे पैसे द्या आणि प्रोजेक्टवर त्यांचं नाव तुमच्या नावाएवढ्याच अक्षरात घाला (त्यांना विचारून). आणि पालघटला हात लावू नका, निदान घरात लग्न निघेपर्यंत तरी.